सोपाऱ्याचा मैत्रेय आणि पोतडीवाला बुद्ध

प्रस्तावना

या पुस्तकात दोन ब्राँझ मूर्तींची गोष्ट आहे. पहिली वीतभरही उंच नाही. नालासोपाऱ्याच्या स्तूपाच्या पोटात ती हजारभर वर्षं अंधारात होती आणि १८८२ च्या एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, उजेडात आली. दुसरी चीनच्या झेजियांग प्रांतात, फंगह्वा इथल्या श्वेदौ डोंगरावर २००८ साली उभी राहिली. बैठकीसकट तिची उंची ५६.७४ मीटर आहे आणि त्यातली नुसती मूर्तीच ३३ मीटरची. पहिल्या मूर्तीच्या डोक्यावर मुकुट आणि चेहऱ्यावर शांतपणा. दुसरीचं पोट सुटलेलं, छाती उघडी, कान खांद्यापर्यंत लोंबणारे आणि तोंडभर हसू. या दोन्ही मूर्ती एकाच्याच आहेत असं सांगितलं तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पण दोन्ही मैत्रेयाच्याच आहेत. गौतम बुद्धानंतर जो यायचा आहे, त्या पुढच्या बुद्धाच्या.

वसई-विरारच्या माणसाला यातली दुसरी मूर्ती जास्त ओळखीची आहे. स्टेशनबाहेरच्या भेटवस्तूंच्या दुकानांत, गाळ्यांच्या गल्ल्यांवर, फ्लॅटच्या दारासमोरच्या शोकेसमध्ये, रिक्षाच्या काचेमागेसुद्धा ती दिसते. सोनेरी रंगाची, हातात किंवा खांद्यावर पोतडी असलेली. तिला सगळे ‘लाफिंग बुद्धा’ म्हणतात. ती स्वतः विकत घ्यायची नसते, कोणी भेट दिली तरच लाभते, असंही सांगतात. हा समज बाजाराबरोबर आपल्याकडे आला आणि रुजला. पुष्कळांना वाटतं की हे गौतम बुद्धांचंच कुठलं तरी चिनी रूप असावं. आंबेडकरी घरांत मात्र ही मूर्ती अनेकांना खटकते. बुद्धाच्या नावानं ढेरपोट्या हसऱ्या माणसाची बाहुली विकली जाते, याचा राग येणं मला रास्त वाटतं. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो: हा गौतम बुद्ध नाही. हा दहाव्या शतकातला एक चिनी भिक्षू आहे, ज्याला तिथल्या लोकांनी मैत्रेयाचा अवतार मानलं. आणि ज्या मैत्रेयाचा तो अवतार मानला गेला, त्याची महाराष्ट्रातली एक फार सुंदर धातुमूर्ती याच तालुक्याच्या मातीतून निघाली. ही दुसरी गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि हे पुस्तक मुख्यतः तिच्यासाठी लिहिलं आहे.

सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. पेरिप्लसमध्ये त्याचं नाव आहे, टॉलेमीच्या भूगोलात आहे. महावंसात सिंहलद्वीपाला निघालेला विजय वाटेत इथल्या किनाऱ्याला लागतो. दिव्यावदानात इथल्याच पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. समुद्रावरचा व्यापार सोडून तो भिक्षू होतो, बुद्धाला आपल्या गावी बोलावतो आणि त्याच्यासाठी इथे चंदनाचा विहार उभा राहतो. कथा बाजूला ठेवली तरी दगडाची साक्ष आहेच. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात १८८२ मध्ये मिळाला आणि नवव्याचा तुकडा शेजारच्या भुईगावात १९५६ मध्ये. ज्या खाडीवर हे बंदर जगलं ती पुढे गाळानं भरत गेली. आज तिथे इमारतींची दाटी आहे आणि त्या दाटीतच स्तूप उभा आहे. गावातलं त्याचं नाव ‘बुरुड राजाचा कोट’. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांचा कोणी राजा होता, त्याचा हा कोट, अशी समजूत. स्तूप विस्मरणात गेला तरी ढिगाऱ्याला गावानं एक राजा देऊन ठेवला होता, हे मला मोलाचं वाटतं. त्यामुळेच ती जागा नांगराखाली गेली नसावी.

हा कोट उकलला पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. ते जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले. शिलालेख वाचण्यात त्या काळी त्यांच्या तोडीची माणसं थोडी होती. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचं काम तेव्हा जेम्स कॅम्बेल पाहत होते आणि त्या निमित्तानं सोपाऱ्याकडे लक्ष वळलं होतं. ढिगाऱ्याच्या मध्यावरून सरळ खाली खणत गेल्यावर विटांनी बांधलेली एक कोठी लागली. तिच्यात दगडाची गोल पेटी होती, वर झाकण घट्ट बसवलेलं.

झाकण उचललं तेव्हा दिसलं ते असं. मध्यभागी तांब्याचा करंडा. त्याच्याभोवती गोलाकार बसलेल्या आठ छोट्या ब्राँझ मूर्ती, सगळ्यांची तोंडं करंड्याकडे. म्हणजे त्या बाहेरच्या भक्ताकडे पाहत नव्हत्या. त्या दर्शनासाठी घडवलेल्याच नव्हत्या. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. मधल्या जागांत सोन्याची नाजूक फुलं, मणी, रत्नं. बुद्धाची आकृती उमटवलेला सोन्याचा पातळ पत्रा. एक चांदीचं नाणं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं. आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून पुजलेले हे तुकडे असावेत, असं भगवानलालांनी ठरवलं. पाच धातू-दगडांच्या आवरणांत, एवढ्या ऐश्वर्याच्या गाभ्यात, जपून ठेवलेली वस्तू कुंभाराच्या चाकावरची. करंडा भरणाऱ्या माणसांना किंमत आणि मोल यांतला फरक नेमका कळत होता.

मूर्ती आठ का, याचं उत्तर परंपरेत आहे. गौतमाआधी सहा बुद्ध होऊन गेले: विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी आणि काश्यप. सातवा शाक्यमुनी गौतम. आठवा अजून यायचा आहे, तो मैत्रेय. ही ओळ महाराष्ट्राला नवी नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या दारावर हे आठ जण एका रांगेत रंगवले आहेत आणि बाविसाव्या लेण्यातही आहेत. वेरूळच्या तीन थाळ लेण्यात सात बुद्ध दगडात बसले आहेत. पण अजिंठ्याची रांग भिंतीवर आहे, सरळ, सुरुवात आणि शेवट असलेली. सोपाऱ्यात तिचं वर्तुळ झालं. होऊन गेलेले सात आणि येणारा एक, असे सगळे एकाच वस्तूभोवती बसले. सात जण साध्या चीवरात आहेत, हातांच्या मुद्रा सगळ्यांच्या सारख्या नाहीत. मैत्रेय तेवढा मुकुट आणि दागिने घातलेला, कारण तो अजून बुद्ध झालेला नाही. तो तुषित स्वर्गात वाट पाहणारा बोधिसत्त्व आहे. नागवृक्षाखाली, म्हणजे आपल्या कोकणातल्या नागचाफ्याखाली, त्याला बोधी मिळायची आहे.

इथे एक कोडं आहे आणि पुढच्या एका प्रकरणाचा बराच भाग त्यावर खर्च झाला आहे. नाणं दुसऱ्या शतकाचं, मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या. याचा अर्थ स्तूप मध्येच कधीतरी उघडला गेला. कोणीतरी जुना ठेवा तसाच राहू दिला, त्याभोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. कोणी केलं हे? त्या काळी उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य बसत होतं. कान्हेरीत ८४३ ते ८७७ या काळातले शिलाहारांचे लेख आहेत, आणि त्यांतल्या एकात दूरच्या गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या दात्यानं विहाराला द्रम्म दिल्याची नोंद आहे. बौद्ध धर्माला उतरती कळा लागली असं आपण ज्या शतकाबद्दल सरसकट म्हणतो, त्याच शतकात सोपाऱ्यात कोणीतरी आठ ब्राँझ मूर्ती ओतून घेत होतं आणि त्यांत येणाऱ्या बुद्धाला जागा ठेवत होतं. माझ्या मते करंड्यातली सगळ्यांत बोलकी गोष्ट हीच आहे.

ओतण्याबद्दल थोडं लिहायला हवं. अशी मूर्ती आधी मेणात घडते. त्यावर मऊ मातीचे थर देतात, वाळवतात, भट्टीत तापवतात. मेण वितळून वाहून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात तांबं आणि कथील यांचा रस ओततात. थंड झाल्यावर माती फोडली की मूर्ती हाती येते. साचा फुटलेला असतो, त्यामुळे तशीच दुसरी निघत नाही. मग कानस आणि छिन्नी लावून नाक, डोळे, दागिने उठवायचे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात ही रीत नीट सांगितली आहे, आणि महाराष्ट्रातल्या ओतारी समाजानं ती पिढ्यान्‌पिढ्या चालवली. कथील कोकणात सापडत नाही, ते बाहेरून यायचं. ब्राँझची मूर्ती घडायला बंदर लागतं, असं म्हटलं तरी चालेल.

वसईच्या ब्राँझचा विषय निघाला की दोन आठवणी टाळता येत नाहीत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर इथल्या चर्चच्या मोठ्या घंटा मराठी सरदारांनी देवळांना वाहिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. आणि रघुनाथ कृष्ण फडके, गिरगाव चौपाटीवरच्या लोकमान्यांच्या पुतळ्याचे शिल्पकार, पद्मश्रीचे मानकरी, १८८४ साली वसईतच जन्मले. त्यांची कर्मभूमी पुढे धार झाली. दोन्ही विषय स्वतंत्र पुस्तकाचे आहेत, इथे नुसता उल्लेख.

आता चीनकडे. मैत्रेय तिथे गेला तो मध्य आशियातल्या वाळवंटी वाटेनं, ग्रंथांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेल्या चिनी भिक्षू फाहियाननं डोंगराळ दरद प्रदेशातल्या मैत्रेयाच्या एका प्रचंड लाकडी मूर्तीची हकिगत लिहून ठेवली आहे. मूर्तिकाराला मैत्रेय दिसतो कसा हेच ठाऊक नव्हतं. म्हणून एका अर्हतानं त्याला आपल्या सिद्धीच्या बळावर तीनदा तुषित स्वर्गात नेलं, तिथे त्यानं मैत्रेयाला नीट पाहिलं आणि मग खाली येऊन मूर्ती घडवली. मूर्तिकलेबद्दलची याहून चांगली दंतकथा मला माहीत नाही.

सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्युएन त्संग आला. तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला, आणि इथली माणसं उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत असं त्यानं लिहून ठेवलं, हे आपण शाळेत वाचतो. शाळेत हे सांगत नाहीत की तो मैत्रेयाचा निस्सीम भक्त होता. गंगेवर लुटारूंनी त्याला बळी द्यायला धरलं तेव्हा डोळे मिटून त्यानं मैत्रेयाचंच ध्यान केलं, असं त्याच्या चरित्रात आहे. मेल्यावर तुषित स्वर्गात जन्म मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती. त्याच्या मागून काहीच वर्षांनी सम्राज्ञी वू त्सथियेननं ६९० मध्ये गादी घेताना आपण मैत्रेय असल्याचा दावा पुढे केला. ७१३ मध्ये लशान इथे नदीकाठचा कडा कोरायला घेतला आणि ८०३ मध्ये मैत्रेयाची ७१ मीटर उंच मूर्ती पुरी झाली. सोपाऱ्याच्या आठ मूर्ती ओतल्या गेल्या त्या याच सुमाराला. गरिबांनीही मैत्रेयाला हाक मारली. युआन राजवटीविरुद्ध १३५१ मध्ये उठलेल्या लाल फेटेवाल्यांचा विश्वास होता की मैत्रेय येतो आहे आणि जुनी व्यवस्था संपते आहे. येणाऱ्या बुद्धाची ओढ राजवाड्यात एक अर्थ घेते आणि उपाशी शेतकऱ्यात दुसरा. त्या ओढीचा चिनी इतिहास या पुस्तकात सविस्तर दिला आहे, कारण आपल्याकडे तो मराठीत फारसा आलेला नाही.

एवढं होऊनही दहाव्या शतकापर्यंत चीनमधला मैत्रेय राजबिंडाच होता. मग फंगह्वात छित्झ नावाचा एक भिक्षू होऊन गेला. खांद्यावर काठीला अडकवलेली कापडी पोतडी. जे मिळेल ते त्यात टाकायचं आणि पोरं भेटली की त्यांना वाटायचं. तो बर्फात झोपला तरी अंगावर बर्फ साठत नसे. ओल्या गवती चपला घालून तो घाईनं चालू लागला की गावकरी पावसाची तयारी करत, आणि उंच खडावा घालून पुलावर गुडघे वर करून झोपला की ऊन पडणार हे ठरलेलं. ९१६ च्या सुमारास यूएलिन मठात एका दगडावर बसून त्यानं प्राण सोडला. मैत्रेय वेगवेगळ्या रूपांत लोकांत वावरतो पण लोक त्याला ओळखत नाहीत, अशा अर्थाचं एक कवन तो जाताना म्हणून गेला असं सांगतात. तेवढ्यानं चित्र बदललं. पुढच्या तीनेकशे वर्षांत हांगचौजवळच्या कड्यावर पोतडीवाला हसरा मैत्रेय कोरला गेला. आज चीनमधल्या कुठल्याही मोठ्या बौद्ध मंदिरात शिरलं की पहिल्याच दालनात तो हसत बसलेला असतो. जपाननं त्याला होतेई म्हणून सात भाग्यदेवतांत बसवलं.

चिनी कल्पनेनं मैत्रेयाचं रूप बिघडवलं असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटत नाही. मुकुट घातलेला, स्वर्गात वाट पाहणारा बोधिसत्त्व दूरचा आहे. त्याच्या येण्याची मुदत चिनी ग्रंथांत ५६७ कोटी वर्षं सांगितली आहे. इतक्या लांबच्या वायद्यावर शेतात राबणाऱ्या माणसानं काय करायचं? म्हणून लोकांनी त्याला आपल्या गावात, आपल्या पावसात, आपल्या पोरांत आणून सोडलं. आपण विठ्ठलाला जनाबाईबरोबर दळायला बसवलं, तेव्हा आपणही हेच केलं.

पुढे सोळाव्या शतकात ह्युएन त्संगच्या प्रवासावर ‘पश्चिमेची यात्रा’ ही प्रचंड कादंबरी रचली गेली, माकडांचा राजा सुन वूखोंग जिचा खरा नायक आहे. तिच्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. पिवळ्या भुवयांचा एक राक्षस खोटं मंदिर उभारून बुद्ध बनून बसतो आणि जो कोणी चालून येईल त्याला एका कापडी पोतडीत कोंबतो, देवांच्या फौजांनासुद्धा. शेवटी ढगातून हसत हसत मैत्रेय येतो. राक्षस मुळात त्याचाच घंटा वाजवणारा पोऱ्या असतो आणि पोतडीही त्याचीच, चोरलेली. मग मैत्रेय कलिंगडवाला शेतकरी होऊन मळ्यात बसतो, वूखोंगला पिकलेलं कलिंगड व्हायला सांगतो आणि तहानलेल्या राक्षसाला तेच फळ खायला देतो. पुढचं वूखोंग आतून पाहून घेतो. ज्या भिक्षूनं प्राणसंकटात मैत्रेयाचं ध्यान केलं, त्याच्याच यात्रेच्या कथेत मैत्रेय कलिंगड विकायला बसतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच भक्तीतून आल्या आहेत.

श्वेदौ डोंगरावरचा २००८ चा पुतळा या सगळ्याचा आजचा मुक्काम आहे. छित्झ ज्या फंगह्वाचा, तिथेच तो बसला आहे, एका हातात पोतडी घेऊन. ५६७ कोटी वर्षं आणि ५६.७४ मीटर या आकड्यांतलं साम्य कुणाच्याही नजरेत भरेल. एवढा मोठा पुतळा अर्थातच मेणाच्या साच्यातून एकसंध निघत नाही. अशा कामात आत पोलादी सांगाडा उभारतात आणि ब्राँझचे पत्रे तुकड्या-तुकड्यांनी जोडत जातात. शिल्प म्हणून तो लशानच्या कातळमूर्तीच्या जवळपासही जात नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे. गुळगुळीत झगमगाटात चेहऱ्याची मिश्किली बरीच हरवली आहे. पण पायऱ्या चढून जाणाऱ्या आजीआजोबांना त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांना तो त्यांच्या गावचा वाटतो, आणि तो आहेही.

सोपाऱ्याच्या मैत्रेयाला असं गाव मिळालं नाही, ही मात्र खंत आहे. करंडे आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या म्हणूनच सुरक्षित राहिल्या, यात शंका नाही. पण वसई तालुक्यातल्या शाळांच्या सहली किल्ल्यावर जातात, अर्नाळ्याला जातात. बुरुड राजाच्या कोटापर्यंत फारच कमी पोचतात. बुद्धपौर्णिमेला तिथे जमणारी माणसं या जागेची खरी राखण करत आली आहेत. त्यांच्या मुलांना आठ मूर्तींची नावं मराठीत वाचता यावीत आणि त्यांच्या चांगल्या प्रतिकृती गावातच पाहायला मिळाव्यात, एवढी मागणी मी या पानांतून महापालिकेकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे करतो.

वाचकाला एक विनंती. पुस्तक वाचण्याआधी जमल्यास नालासोपारा पश्चिमेला उतरून स्तूपाला एक फेरी मारून यावं. मूर्ती किंवा त्यांची छायाचित्रं जेव्हा समोर येतील, तेव्हा आधी डोकी पाहावीत. सात जणांची डोकी उघडी आहेत. मुकुट असलेला तो मैत्रेय.